तोफांना नको असलेले द्रावक

सहा भाग ब्युटेनॉल, तीन भाग ॲसिटोन आणि एक भाग साधे मद्यार्क. निर्जंतुक केलेल्या मक्याच्या पेजेत एक विशिष्ट जिवाणू सोडला, हवा बंद ठेवली, तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास सांभाळले, की दोनेक दिवसांत जी द्रावके तयार होतात त्यांचे वजनी प्रमाण साधारण असे असते. 1915 साली ब्रिटनला या तिघांतले फक्त ॲसिटोन हवे होते. त्याच्या दुप्पट तयार होणाऱ्या ब्युटेनॉलचे काय करायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. पुढच्या दहा वर्षांत बाजू पूर्ण उलटली. कारखाने ब्युटेनॉलसाठी चालू लागले आणि ॲसिटोन जोडीला मिळणारा माल ठरला. हा उलटफेर बाजाराने घडवला असे म्हणता येईल, पण त्याच्या मुळाशी ब्युटेनॉलचा स्वभाव होता, आणि तो आधी समजून घेतला पाहिजे.

चार कार्बन अणूंची सरळ साखळी आणि तिच्या टोकाला अल्कोहोलचा गट, अशी या पदार्थाची रचना. दिसायला पाण्यासारखे, पण वास उग्र. बंद खोलीत डोळ्यांची जळजळ होते आणि डोके जड होते. पिण्याचे मद्यार्क 78 अंशांना उकळते, तर ब्युटेनॉल सुमारे 118 अंशांना. त्यामुळे ते सावकाश उडते. मद्यार्क पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते. ब्युटेनॉल मात्र शंभर भाग पाण्यात सात-आठ भागच विरघळते आणि उरलेले पाण्यावर थर धरून राहते. तेलकट पदार्थांशी त्याचे चांगले जमते, पाण्याशी अर्धवट. सावकाश उडणे आणि पाण्याशी असलेले हे अर्धे नाते, एवढ्या दोन गुणांवर त्याचा पुढचा सगळा प्रवास झाला.

जिवाणू ब्युटेनॉल तयार करतात हे लुई पाश्चरने 1860च्या दशकाच्या आरंभीच नोंदवले होते. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे ती नोंद प्रयोगशाळेतच राहिली. तिला बाहेर आणले रबराने. 1910 साली नैसर्गिक रबराचे भाव कडाडले आणि कृत्रिम रबराचा शोध जोरात सुरू झाला. लंडनच्या स्ट्रेंज अँड ग्रॅहम कंपनीने त्यासाठी मँचेस्टर विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम हेन्री पर्किन (धाकटे), त्यांचे सहकारी हाइम वाइझमान आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले ऑगस्ट फर्नबाख यांना कामाला लावले. ब्युटेनॉलपासून ब्युटाडाइन करायचे आणि त्यापासून रबर, अशी कल्पना होती. म्हणजे ही शोधयात्रा सुरू झाली ती ब्युटेनॉलसाठीच. युद्धाच्या कथेत ही गोष्ट हमखास गळते.

फर्नबाखना 1911 मध्ये बटाट्याच्या पिठुळ लगद्यावर काम करणारा जिवाणू मिळाला. वाइझमान पुढच्या वर्षी पर्किन यांच्याशी बिनसल्यामुळे कंपनीच्या कामातून बाहेर पडले, पण शोध त्यांनी सोडला नाही. माती आणि धान्य यांतले जिवाणू वेगळे करत करत त्यांनी असा एक प्रकार मिळवला जो मक्याचा पिष्टमय लगदा थेट आंबवतो आणि द्रावकांचे उत्पादनही जास्त देतो. त्याला आज क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम म्हणतात. दारूच्या भट्टीत धान्याला आधी मोड आणून स्टार्चची साखर करावी लागते. हा जिवाणू ते काम स्वतःच करतो. मात्र तो हवेचा वैरी आहे आणि दुसऱ्या जिवाणूंपुढे लवकर हार मानतो, त्यामुळे टाकी, नळ, लगदा हे सगळे वाफेने निर्जंतुक करावे लागते. दारू गाळणाऱ्यांना इतकी शिस्त कधी लागली नव्हती. प्रतिजैविकांच्या कारखान्यांत पुढे जी काटेकोर जंतुमुक्त टाकी-पद्धत आली तिची मोठ्या प्रमाणावरची पहिली तालीम इथे झाली, असे मला वाटते.

मार्च 1915 मध्ये वाइझमान यांनी पेटंटचा अर्ज केला. तोवर युद्ध सुरू होऊन सात महिने झाले होते, आणि रबराची कोणाला आठवण राहिली नव्हती.

ब्रिटिश आरमाराच्या तोफांत कॉर्डाइट नावाची धूररहित दारू वापरत. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडे व्हॅसलिन यांचे हे मिश्रण. गनकॉटन म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. हे सगळे एकजीव व्हायला ॲसिटोन लागते. ॲसिटोनमध्ये मळून पीठ तयार करायचे, साच्यातून दोऱ्यांसारखे काढायचे आणि मग वाळवून ॲसिटोन उडवून द्यायचे. तोपर्यंत ॲसिटोन मिळे ते लाकडातून. बंद भट्टीत लाकूड तापवायचे, निघालेल्या ॲसेटिक आम्लाचे चुन्याशी क्षार करायचे आणि तो क्षार पुन्हा तापवायचा. एक टन ॲसिटोनसाठी 80 ते 100 टन लाकूड जाळावे लागे. एवढी जंगले ब्रिटनकडे नव्हती. युद्धापूर्वी बहुतेक माल अमेरिकेतून आणि काही ऑस्ट्रियातून येई. ऑस्ट्रिया आता शत्रुपक्षात होता आणि अमेरिकी माल पुरेसा नव्हता.

मे 1915 मध्ये तोफगोळ्यांच्या टंचाईवरून ब्रिटनमध्ये मोठे राजकीय वादळ उठले. सरकार बदलले, दारूगोळ्यासाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले आणि डेव्हिड लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक सी. पी. स्कॉट यांनी वाइझमानना त्यांच्यापर्यंत पोहोचवले. त्याआधी आरमार खात्यातून सर फ्रेडरिक नेथन यांच्यामार्फत विन्स्टन चर्चिल यांचीही भेट झाली होती. चर्चिल यांनी 30,000 टन ॲसिटोन मागितले, असे वाइझमान यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. तोवर त्यांनी काचेच्या चंबूंपलीकडे मोठे काही केले नव्हते, हे लक्षात घेतले की या मागणीचा भार कळतो.

पहिला मोठा प्रयोग लंडनच्या पूर्व भागात, ब्रॉम्ली-बाय-बो इथल्या निकल्सन कंपनीच्या जिनच्या भट्टीत झाला. चंबूत शहाण्यासारखा वागणारा जिवाणू मोठ्या टाकीत वेगळा वागतो. लगद्यातून निघणाऱ्या हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडमुळे टाकी फेसाळते, उष्णता सगळीकडे सारखी राहत नाही, एका झडपेतून शिरलेला परका जंतू अख्खी टाकी आंबट करून टाकतो. महिनोन्‌महिने चाललेल्या या खटपटीतून पद्धत बसली. मग डॉर्सेटमधल्या होल्टन हीथ इथे आरमाराच्या कॉर्डाइट कारखान्यात खास विभाग उभा राहिला, आणि 1916 मध्ये नॉरफोकमधल्या किंग्ज लिनचा कारखाना सरकारने ताब्यात घेतला. तो मूळचा फर्नबाख पद्धतीने बटाट्यावर चालणारा, वाइझमान यांच्या जुन्या भागीदारांचा. तिथे वाइझमान यांचा जिवाणू आणि मका आल्यावर उत्पादन स्पष्टपणे वाढले.

पण मका अमेरिकेतून जहाजाने येई, आणि 1917 मध्ये जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला. माणसांनाच धान्य अपुरे पडू लागले. तेव्हा स्टार्च असलेल्या इतर गोष्टींचा शोध सुरू झाला आणि त्यातून घोडचेस्टनटची फळे पुढे आली. इंग्लंडमध्ये मुले या तपकिरी बिया दोरीत ओवून एकमेकींवर आपटण्याचा खेळ खेळतात. खायला त्या कडू. 1917च्या शरद ऋतूत सरकारने शाळांना आवाहन केले की मुलांनी त्या गोळा कराव्यात. कशासाठी, ते सांगितले नाही, कारण शत्रूला सुगावा लागला असता. मुलांनी सुमारे 3,000 टन बिया जमवल्या. त्या वाहायला रेल्वेच्या गाड्या पुरल्या नाहीत आणि कित्येक ढीग स्थानकांवरच कुजले. एप्रिल 1918 मध्ये किंग्ज लिनला त्यांचे किण्वन सुरू झाले, पण उत्पादन फार कमी आले आणि जुलैत ते काम थांबले. उपयोगाच्या हिशेबात हा प्रयत्न फसला. तरी आपण काय करतो आहोत हे न कळता सबंध देशाची मुले झाडांखाली वाकून बिया वेचत होती, हे या युद्धाचे एक खरे चित्र आहे, आणि ते पुसले जाऊ नये.

उत्पादनाचा मुख्य भार अखेर अटलांटिकपलीकडे गेला. टोरंटोतल्या गुडरहॅम अँड वर्ट्‌स या जुन्या दारूभट्टीत 1916च्या उत्तरार्धात काम सुरू झाले आणि युद्धाच्या शेवटापर्यंत अखंड चालले. अमेरिका युद्धात उतरल्यावर इंडियाना राज्यातल्या टेर हॉट गावच्या दोन भट्ट्या घेतल्या गेल्या. तिथे 1918च्या मे ते नोव्हेंबर एवढाच काळ उत्पादन झाले. भारतात नाशिकलाही ॲसिटोनच्या कारखान्याचे काम सरकारने हाती घेतले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर आणि त्यांचे सहकारी मोहाच्या फुलांपासून ॲसिटोन करण्याचा अभ्यास करत होते. फाउलर मँचेस्टरहूनच आलेले. इंग्लंडमध्ये मुलांना घोडचेस्टनट वेचायला लावणारी गरज इथे मोहाच्या झाडाखाली येऊन पोहोचली होती. मोहाचे फूल मात्र घोडचेस्टनटसारखे कडू नाही. त्यात साखर भरपूर असते, आणि आदिवासी पाड्यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या आंबवले जात होते.

या सगळ्या काळात ब्युटेनॉल जमत राहिले. प्रत्येक टन ॲसिटोनमागे दोन टन. त्याला गिऱ्हाईक नव्हते. कॉर्डाइटला त्याचा उपयोग नव्हता, रबर करण्याची योजना मागे पडली होती. टाक्या भरल्या की पुढे काय, ही अडचण प्रत्येक कारखान्यापुढे होती. 11 नोव्हेंबर 1918ला युद्ध थांबले आणि ॲसिटोनची मागणीही थांबली.

वाइझमान यांच्याविषयी इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ते झायनवादी चळवळीचे नेते होते, आणि पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचे 2 नोव्हेंबर 1917चे पत्र म्हणजे ॲसिटोनचे बक्षीस होते, असे लॉइड जॉर्ज यांनी नंतरच्या आठवणींत सुचवले. वाइझमान यांनी स्वतः ते मानले नाही. बाल्फोर यांच्या पत्रामागे साम्राज्याची गणिते होती, वर्षानुवर्षांच्या वाटाघाटी होत्या. पॅलेस्टाइनच्या लोकांच्या नशिबाचा एवढा मोठा निर्णय एका रासायनिक पद्धतीच्या पदरात टाकणे हे इतिहासाशी अन्यायाचे आहे. संशोधनामुळे त्यांची मंत्र्यांपर्यंत ऊठबस वाढली, इतके खरे.

युद्धानंतरचा ब्युटेनॉलचा अध्याय मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे परिणाम आजही आपल्या भिंतींवर आणि गाड्यांवर आहेत. 1919च्या डिसेंबरात अमेरिकेत कमर्शियल सॉल्व्हंट्‌स कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि तिने टेर हॉटचा बंद पडलेला कारखाना व वाइझमान पेटंटचे हक्क घेतले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1920 मध्ये, अमेरिकेत दारूबंदी लागू झाली. या बंदीचा एक दूरचा परिणाम असा झाला: लाखेसारख्या चकचकीत लेपांसाठी तोवर ॲमाइल ॲसिटेट हे द्रावक वापरत, आणि ते बने फ्युझेल तेलापासून. दारू गाळताना मागे राहणारा हा अंश. भट्ट्या थंडावल्या, तसे फ्युझेल तेलही आटले. त्याच्या जागी ब्युटेनॉलपासून केलेले ब्युटाइल ॲसिटेट चालते, किंबहुना छान चालते, हे लवकरच लक्षात आले.

आणि नेमका त्याच वेळी मोटारीच्या रंगाचा प्रश्न आला. त्या काळी मोटारीला तेलाचे रंग आणि व्हार्निश लावत. एकावर एक अनेक थर, प्रत्येक थर वाळायला वेळ, मधे घासकाम; गाडी कारखान्यातून बाहेर पडायला कित्येक आठवडे लागत. बाकी सगळी गाडी काही तासांत जुळत असे आणि मग ती रंगासाठी गोदामात अडकून पडे. नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे गनकॉटनच्याच जातीच्या पदार्थाचा, लेप पटकन वाळतो, हे माहीत होते, पण तो इतका दाट होई की फवारण्याजोगा पातळ केला तर पदर फारच बारीक बसे. 1920 मध्ये ड्यू पॉन्ट कंपनीच्या पार्लिन येथील कारखान्यात योगायोगाने कमी दाटपणाचे नायट्रोसेल्युलोज तयार करण्याची वाट सापडली. जनरल मोटर्सचे चार्ल्स केटरिंग जलद रंगाच्या मागे लागलेलेच होते. 1923 मध्ये त्याच कंपनीच्या ओकलंड मोटारींवर हा लेप ‘ड्युको’ नावाने निळ्या रंगात आला. आठवड्यांचे काम दिवसावर आले. लवकर वाळणाऱ्या रंगाला सुरुवातीला बेकिंगची भट्टीही लागत नव्हती, आणि काळ्याखेरीज इतर रंगांच्या गाड्या सर्वसाधारण गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आल्या.

आता यात ब्युटेनॉल कुठे लागते, ते पाहू. फवारलेला लेप वाळताना द्रावक उडते आणि पृष्ठभाग गार पडतो. द्रावक फार चटकन उडणारे असेल तर पृष्ठभाग इतका गार होतो की हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते. त्या पाण्याने नायट्रोसेल्युलोज विलग होते आणि लेप पांढरट पडतो. चमक जाते, पदरही कमजोर राहतो. ब्युटाइल ॲसिटेट 126 अंशांच्या आसपास उकळते, ब्युटेनॉल 118ला, म्हणून दोन्ही शेवटपर्यंत टिकून लेपाला सावकाश बसू देतात. ब्युटेनॉल एकटे नायट्रोसेल्युलोज विरघळवत नाही, पण ॲसिटेटच्या जोडीला आले की तेही मदत करते, आणि जमलेल्या ओलाव्याला काही अंशी सामावून घेते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात फवारणी करणाऱ्या कोणत्याही रंगाऱ्याला लेप पांढरा पडण्याचे संकट ठाऊक असते. त्यासाठी थिनरमध्ये जी सावकाश उडणारी द्रावके घालतात त्यांत ब्युटेनॉल आणि त्याची भावंडे आहेत. फर्निचरच्या दुकानांत आणि गॅरेजमध्ये ‘ड्युको’ हा शब्द आजही कानावर पडतो.

एक जमाखर्च मनात ठेवण्यासारखा आहे. युद्धात नायट्रोसेल्युलोज बनवण्याची अफाट क्षमता उभी राहिली होती आणि ब्युटेनॉल देणारी किण्वनपद्धतही. तोफा थांबल्यावर दोन्ही निरुपयोगी ठरणार होत्या. मोटारीच्या रंगात त्या एकत्र आल्या.

मागणी इतकी वाढली की कमर्शियल सॉल्व्हंट्‌सने डिसेंबर 1923 मध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया इथे दुसरा कारखाना सुरू केला. 1927 पर्यंत दोन्ही ठिकाणी मिळून 50,000 गॅलनच्या 148 टाक्या चालू होत्या. मधल्या काळात टेर हॉटला एक विचित्र संकट आले. 1923 मध्ये टाक्या मंदावल्या, उत्पादन निम्म्यापर्यंत घसरले, आणि परका जिवाणूही सापडेना. अखेर कळले की जिवाणूलाच रोग झाला होता: जिवाणूभक्षी विषाणूंचा. विषाणूंना दाद न देणारे जिवाणू निवडून घेऊन कारखाना सावरला. सूक्ष्मजीवांच्या उद्योगात अशा विषाणूने घातलेला हा पहिल्या मोठ्या घाल्यांपैकी एक. ब्रिटनमध्ये 1926 साली वाइझमान यांच्या पेटंटवर न्यायालयात वाद झाला आणि पेटंट टिकले.

1936 मध्ये पेटंटची मुदत संपली आणि वेगवेगळ्या देशांत कारखाने निघाले. मक्याची जागा साखर कारखान्यातल्या मळीने घेतली. दक्षिण आफ्रिकेत जर्मिस्टन इथे असा एक मोठा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्युटेनॉलला पुन्हा शस्त्रांच्या बाजूला ओढले. तेल नसलेल्या त्या देशाने ब्युटेनॉलपासून विमानांचे उच्च दर्जाचे इंधन करण्याचा मार्ग धरला. तैवानमधल्या च्यायी इथे रताळ्यांवर चालणारा प्रचंड कारखाना होता, आणि 1945 मध्ये अमेरिकी विमानांनी तो बॉम्बफेकीने उद्ध्वस्त केला. त्याच युद्धात टेर हॉटच्या टाक्यांकडे वेगळे काम आले: कमर्शियल सॉल्व्हंट्‌सने पेनिसिलिन करायला घेतले. बुरशीच्या लगद्यातून पेनिसिलिन वेगळे काढण्यासाठी ॲमाइल किंवा ब्युटाइल ॲसिटेट हे द्रावक चांगले ठरते, आणि त्याबाबत या कंपनीला शिकवायला कोणी लागले नाही.

पराभव मग तेलाकडून झाला. जर्मनीतल्या रुअरकेमी कंपनीत 1938 मध्ये ओटो रोलेन यांनी एक विक्रिया शोधली होती: अल्कीनवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनची क्रिया करून ॲल्डिहाइड मिळवायचे. प्रोपिलीनपासून अशा प्रकारे ब्युटिराल्डिहाइड तयार होते आणि त्यात हायड्रोजन घातला की ब्युटेनॉल. तेलशुद्धीकरणातले स्वस्त प्रोपिलीन मिळू लागल्यावर मळी आणि मका मागे पडले. 1960 पर्यंत अमेरिकेतले किण्वन जवळजवळ संपले. जर्मिस्टनचा कारखाना देशांतर्गत कारणांमुळे 1980च्या दशकाच्या आरंभापर्यंत तग धरून राहिला. विशाखापट्टणमला आंध्र पेट्रोकेमिकल्स आज जे ब्युटेनॉल बनवते ते याच तेलाच्या मार्गाने.

या पराभवाचे कारण ब्युटेनॉलच्या स्वभावातच दडले होते. जिवाणूने तयार केलेले ब्युटेनॉलच त्याला मारते. लगद्यात त्याचे प्रमाण दीडेक टक्क्याला पोहोचले की पेशीचे आवरण सैल होऊन काम थांबते. त्यामुळे टाकीत द्रावकांचा एकूण अंश दोन टक्क्यांच्या आसपासच राहतो आणि उरलेले जवळजवळ सगळे पाणी तापवून काढावे लागते. ऊर्ध्वपातनात थोडे सुख एवढेच, की ब्युटेनॉल आणि पाणी मिळून 93 अंशांच्या जवळ उकळतात आणि ती वाफ गार झाली की दोन थर होतात. वरचा थर काढून घ्यायचा, खालचा परत पाठवायचा. पाण्याशी असलेले अर्धे नाते इथे कामी येते. तरीही इंधनाचा खर्च भारी पडतो.

आज तयार होणाऱ्या ब्युटेनॉलचा मोठा भाग ब्युटाइल ॲक्रिलेट करायला लागतो, आणि ते भिंतींच्या इमल्शन रंगात, चिकटपट्ट्यांत, कापडाच्या लेपांत जाते. उरलेले ब्युटाइल ॲसिटेटसाठी, ग्लायकॉल ईथरसाठी आणि थेट द्रावक म्हणून. स्कॉटलंडमध्ये ग्रेंजमाउथ इथे व्हिस्कीच्या भट्ट्यांतला चोथा आणि सांडपाणी यांपासून ब्युटेनॉल, ॲसिटोन आणि मद्यार्क एकत्र करण्याचा कारखाना सुरू झाला आहे. जिवाणू वाइझमान यांच्याच घराण्यातला. संशोधक आता जिवाणूला जास्त ब्युटेनॉल सोसायला लावण्याच्या मागे आहेत, किंवा ते तयार होता होताच वायूच्या झोताने बाहेर काढून घेण्याच्या.